भूल आणि तांबडी पेशी



तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम हे गाव लागते. भाताच्या खाचरांनी वेढलेल्या या मुलखावर, मधला अल्पसा खंड वगळता, सुमारे सव्वाशे वर्षे भोसल्यांचा अंमल होता. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजी महाराजांचे चित्त ग्रंथांत व वैद्यकात रमले. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांची पारख होई. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या जात. पापनाशमचा एखादा मोतीबिंदू झालेला शेतकरी तेथे आला असता, तर त्याची नोंद काळजीपूर्वक झाली असती. परंतु शस्त्र डोळ्याशी आले त्या क्षणी तो पूर्ण जागा असता. महाराज १८३२ मध्ये निवर्तले. बोस्टनमधील ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ चा. चौदा वर्षांनी ती कृपा हुकली!

आज भुलेसाठी बहुधा शिरेतून एक दुधासारखे पांढरे औषध देतात. त्याचे नाव प्रोपोफॉल. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनच्या तेलात मिसळून त्याचे पायस करतात. पांढरा रंग त्या पायसाचा. हे औषध झोप तर आणतेच, पण त्याच्या रेणूची घडण ई जीवनसत्त्वाच्या क्रियाशील भागाशी मिळतीजुळती आहे. दोन्ही फेनॉलच्या कुळातील. ही गोष्ट ध्यानात येताच संशोधकांना प्रश्न पडला, की हे औषध रक्तपेशींचेही रक्षण करीत असेल काय?

प्रश्न रक्तपेशींबाबतच का, हे समजण्यासाठी तांबड्या पेशीची अवस्था पाहावी. तिच्यात सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात. त्यांत लोह, आणि भोवती सतत प्राणवायू. लोह आणि प्राणवायू एकत्र नांदले की गंज ठरलेलाच. थोडे हिमोग्लोबिन रोज आपोआप बिघडते आणि त्यातून मुक्त मूलक नावाचे उपद्रवी कण सुटतात. ते पेशीपटलातील मेदाम्लांवर तुटून पडतात. पेशीला केंद्रक नाही, त्यामुळे मोडलेली प्रथिने ती नव्याने घडवू शकत नाही. जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. ग्लुटाथिओन, कॅटलेज आणि पटलात रुतलेले ई जीवनसत्त्व हे तिचे पहारेकरी.

प्रोपोफॉलच्या या गुणावरील संशोधन १९९२ पासून प्रसिद्ध होत आले. प्रयोगाची रीत सोपी आहे: धुतलेल्या रक्तपेशींवर मुक्त मूलके निर्माण करणारे रसायन सोडायचे आणि त्या किती वेळात फुटतात ते पाहायचे. प्रोपोफॉल असलेल्या नळीतील पेशी अधिक काळ टिकल्या. मेदात सहज मिसळणारे हे औषध पटलात शिरते, स्वतः हायड्रोजन देऊन मुक्त मूलकाला शांत करते आणि नाशाची साखळी तोडते.

येथे मात्र थांबले पाहिजे. नळीतील पेशी म्हणजे रोगी नव्हे. नळीत औषधाची मात्रा हवी तेवढी वाढवता येते. देहात ते लगेच पसरते आणि यकृत त्याचा निचरा करते. पेशी उशिरा फुटली म्हणून रोगी लवकर बरा झाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘भूल घेतल्याने रक्त शुद्ध होते’ असे कोणी सांगू लागले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

शिवाय सगळी औषधे एका स्वभावाची नसतात. जागा बधिर करणारे प्रिलोकेन अधिक मात्रेत हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण घडवते. मग ते प्राणवायू वाहू शकत नाही आणि ओठ निळसर पडतात. त्यावर मिथिलीन ब्ल्यू हा उतारा आहे. पण ज्यांच्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या पेशी त्याच उताऱ्याने फुटू शकतात. हा दोष आनुवंशिक आहे, मुलग्यांत अधिक आढळतो आणि भारतात दुर्मीळ नाही. तेव्हा मुलाच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ भेटतील, तेव्हा घरात कोणाला एखाद्या औषधानंतर कावीळ किंवा काळसर लघवी झाली होती का, हे पालकांनी आठवून आधी सांगावे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.