‘आणि स्थानिक कलावंत’

(गोंदिया येथील एका विहारात पौर्णिमेच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेच्या चालकांनी मला धम्मदीक्षेनंतरच्या कायदेशीर हक्कांवर बोलावे असे सुचविले होते. जातीचा दाखला, शाळेतील नोंदी, विवाहाची नोंदणी या विषयांवर मी पुष्कळ वेळा बोललो आहे आणि पुढेही बोलेन. आज मात्र त्यांच्या संमतीने मी निराळा विषय घेतला आहे. तो गाण्याचा आहे. ज्याचा आवाज कोर्टापुरताच बरा, त्या वकिलाने गाण्यावर बोलावे याचे आपणांस हसू येईल. परंतु मी जे सांगणार आहे त्यात हक्काचाही प्रश्न आहे, आणि तो आपल्यापैकी कित्येकांच्या घरातला आहे.

गेल्या भीमजयंतीच्या आठवड्यात या शहरापासून फार दूर नसलेल्या एका गावी मी कार्यक्रमास गेलो होतो. फलकावर बाहेरून येणाऱ्या गायकाचे नाव हातभर मोठ्या अक्षरांत होते. त्याखाली देणगीदारांची यादी, आणि त्या यादीच्याही खाली बारीक अक्षरांत एवढेच लिहिले होते : ‘आणि स्थानिक कलावंत’. मुख्य गायकाची मोटार वेळेवर आली नाही. तेव्हा मंडपाच्या कडेला बसलेल्या चौघांना ‘तोवर चालवा’ म्हणून वर बसविण्यात आले. एक मुलगा पेटीवर, एक ढोलकीवर, तिसऱ्याच्या हाती गिटार, आणि गाणारी एक मुलगी, बारावीत शिकणारी. समोर फार तर तीस माणसे होती. बाकीची चहाच्या टपरीपाशी.

त्या मुलीने रोवणीवर जाणाऱ्या आपल्या आईचे गाणे म्हटले. गुडघाभर चिखल, वाकलेली पाठ, आणि त्या मजुरीतून आलेल्या वह्या. बाबासाहेबांचे नाव त्यात अगदी शेवटच्या कडव्यात एकदाच आले. भाषा आपल्या झाडीची होती, पुस्तकातली नव्हती. माझ्या शेजारच्या बाया आपसात बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला. इतक्यात मोटार आली, संयोजक धावले, आणि चालू कडव्यातच तिच्या हातून माईक घेतला गेला. ती चौघे खाली उतरली. मी मागाहून त्यांना गाठून विचारले, ‘तुमच्या पार्टीचे नाव काय?’ ढोलकीवाला म्हणाला, ‘नाव अजून ठेवलंच नाही साहेब, कोणी विचारलंच नाही.’

मुख्य गायकाविषयी मला काही तक्रार नाही. तो चांगला गायला. माझी तक्रार आपणा सर्वांविरुद्ध आहे, आणि त्या टपरीवर अर्धा वेळ मीही होतो.

आपल्या चळवळीची गाणी कोठून आली हे जरा आठवा. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढे त्या समाजाच्या मंडळींनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून जलसा उभा केला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, परंतु आत भरलेला मजकूर भिक्षुकशाहीच्या आणि सावकारीच्या विरुद्ध. १९३० नंतरच्या काळात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी हाच जलसा बाबासाहेबांच्या चळवळीच्या कामी लावला. बाबासाहेब आपल्या दहा भाषणांच्या तोडीला कर्डकांचा एक जलसा धरीत, अशी आठवण आपल्यात सांगितली जाते. हे जलसे वस्तीत, चाळीच्या पटांगणात, कंदिलाच्या उजेडात होत. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळ या मार्गाने गेली.

वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर आपल्या ओठावर आहे. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात जन्म, मुंबईत गिरणीची मजुरी, आणि अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ पासून ते गाणी लिहू लागले, आणि २००४ साली वारले तोपर्यंत गावोगाव फिरत राहिले. कोणत्याही कंपनीने शोधून काढण्याआधी त्यांना वस्तीने शोधले होते. चार घरे त्यांना जेवायला बोलावीत आणि जेवणानंतर अंगणात गाणे होई. विदर्भात कव्वालीने हेच काम केले. आपल्यातील वडील माणसांना ‘दुय्यम कव्वालीचा जंगी सामना’ या शब्दांनी रंगलेले भित्तिपत्रक आठवत असेल. दोन पार्ट्या समोरासमोर बसत, एकीने बुद्धचरित्रातला प्रश्न टाकावा आणि दुसरीने तेथल्या तेथे गाऊन उत्तर द्यावे. उत्तर चुकले तर समोरचा श्रोताच टोकीत असे. इतका जवळ बसलेला श्रोता आज कोठे आहे? आज आपण डीजेच्या भिंतीपुढे उभे राहतो, आणि तेथे शब्द कोणाचे हे विचारण्याची सोयच उरत नाही.

ज्या कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, त्यांच्याशी मला थोडे वेगळे बोलावयाचे आहे. आपल्या मनात ढोलकी, डफडे यांच्याविषयी एक अढी असते. ती मला ठाऊक आहे, कारण ती आमच्याही घरात होती. गावच्या लग्नात, मिरवणुकीत वाजविणे हे काही जातींवर लादलेले काम होते. ते सोडणे म्हणजे मान ताठ करणे होते, आणि ज्यांनी ते सोडले त्यांनी योग्यच केले. माझ्या आजोबांनी वाद्य आढ्याला टांगले, ते पुन्हा खाली काढले नाही. परंतु त्यांनी नाकारली ती सक्ती. जलशावाल्यांनी तेच वाद्य स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या शब्दांसाठी हाती घेतले होते. तेव्हा आपल्या मुलाने ढोलकी हाती घेतली तर त्याला रागावण्यापूर्वी तो ती कोणाच्या हुकुमाने आणि कशासाठी वाजवीत आहे, एवढे विचारा.

आता कोणी म्हणेल, असे कलावंत आम्हांला दिसत नाहीत. दिसतील, परंतु त्यांच्याकडे जावे लागेल. आपल्या भागात दिवाळीनंतर धान कापणीस येते आणि गावोगाव मंडई भरते. दिवसा मंडईत दंडार आणि खडी गंमत असते, रात्री झाडीपट्टीचे नाटक. झाडीपट्टी रंगभूमीची आज सर्वत्र कीर्ती आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरील कार्याकरिता पद्मश्री मिळाली. ही रंगभूमी गावकऱ्यांनी तिकीट काढून जगविली, हे ध्यानात ठेवा. आपली गाणारी मुलेही तेथेच आसपास असतात. कोणी नाटकात पेटी वाजवितो, कोणी लग्नाच्या वाद्यवृंदात गातो, आणि स्वतःचे गाणे मात्र वहीत ठेवतो. वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन संपल्यावर, घरातील नामकरणाच्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या संध्याकाळी त्याला म्हणावे, ‘तुझे स्वतःचे काही असेल तर ऐकव.’ वीस माणसे, एक सतरंजी आणि एक दिवा पुरे. व्यासपीठ नको, आणि ध्वनिक्षेपक तर नकोच. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक व वाद्ये वाजविण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी एरवी बंदी आहे. म्हणून संध्याकाळी सहाला बसा आणि नऊला उठा. मुलींच्या आयांचीही त्याने काळजी मिटते.

पहिल्या बैठकीतच सर्व काही उत्तम असेल असे समजू नका. मी या वर्षात अशा सात बैठकींस गेलो. दोन ठिकाणी पेटीचा सूर इतका बिघडलेला होता की ऐकणे कठीण. एके ठिकाणी मुलगा सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून आला होता. एका वृद्धाने त्याला प्रेमाने सांगितले, ‘बापा, चाल तुझी घेऊन ये.’ पुढल्या पौर्णिमेस तो घेऊन आला. मोठ्या मंडपात असे कोणी सांगत नाही.

गिटारविषयी काही ज्येष्ठांनी माझ्याजवळ नापसंती दाखविली. ही आपली वाद्ये नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. पेटी तरी मूळ आपली कोठे होती? चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या मंडळाने पहिला जाहीर कार्यक्रम केला. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी ते उभे केले. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताच्या वेळी गायिले जाणारे ‘गाना’ हे गायन, ज्याला सभ्य समाज नाके मुरडीत असे, ते त्यांनी गिटार आणि ड्रमच्या बरोबरीने मंचावर आणले. मंडळाचे नाव अयोथी दास पंडितांच्या ‘जातिहीन तमिळ’ या कल्पनेवरून घेतलेले आहे. हे अयोथी दास म्हणजे बाबासाहेबांच्या कितीतरी आधी तमिळ मुलखात बौद्ध धम्माचा मार्ग धरणारे गृहस्थ. मुंबईतही ‘धम्म विंग्ज’ नावाचा बौद्ध तरुणांचा बँड रॉकच्या अंगाने बुद्धगीते गातो. मला स्वतःला ते संगीत थोडे मोठ्या आवाजाचे वाटते, पण ते माझे वय झाले.

आता हक्काचे बोलतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक वृद्ध गीतकार आले. पिशवीत एक जुनी कॅसेट होती. तिच्यातील एक गाणे आपण सर्वांनी ऐकलेले आहे, म्हणून त्याचा उल्लेख मी टाळतो. वेष्टनावर गायकाचे नाव होते, कंपनीचे होते, आणि गीतकाराच्या जागी छापले होते ‘पारंपरिक’. गाणे त्यांनी स्वतः रचलेले, वही विश्वासाने कोणाला दिलेली, ती परत आलेली नाही. कागद एकही नव्हता. त्यांनी मला एवढेच म्हटले, ‘वकीलसाहेब, पैसा राहू द्या. मी जिवंत असताना मला पारंपरिक म्हणू नका, एवढं त्यांना सांगा.’

कायदा त्यांच्या बाजूचा होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीत रचले की त्यावर रचणाऱ्याचा हक्क आपोआप येतो, नोंदणी झालीच पाहिजे असे नाही. तो हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी दिलेला हक्क दिलाच नाही असे धरतात. आणि हक्क विकला तरी ‘हे माझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार विकला जात नाही. परंतु गाणे त्यांचेच हे सिद्ध कशाने करणार? तेव्हा ते म्हणाले, ‘पहिल्यांदा आमच्या अंगणात गायिलो होतो. पंचवीस-तीस माणसं होती.’ आम्ही ती माणसे शोधू लागलो. दोन म्हाताऱ्या सापडल्या. दोघींनी गाणे अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखविले, आणि कॅसेटमध्ये गाळलेले एक कडवेही म्हटले. याहून भक्कम साक्ष मी माझ्या वकिलीत फार थोड्या वेळा पाहिली आहे. मी नोटीस पाठविली. कंपनी केव्हाच बंद पडली होती. पाकीट ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा घेऊन परत आले. त्यानंतर वर्षभरात ते वारले. त्यांच्या गावच्या विहाराच्या वहीत आता ते गाणे, ते गाळलेले कडवे आणि त्यांचे नाव लिहिलेले आहे. त्याखाली त्या दोन म्हाताऱ्यांचे अंगठे आहेत.

तशी वही आपल्या विहारातही ठेवा. बैठकीची तारीख, गाण्याचे नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाजविणारे कोण, मानधन किती दिले, आणि ऐकणाऱ्यांपैकी पाच जणांच्या सह्या. मानधन द्याच. पाचशे द्या, पण सभा सुटण्यापूर्वी पाकिटात घालून द्या. ‘समाजाचे काम आहे’ असे सांगून आपण मंडपवाल्याचे पैसे बुडवीत नाही. ते फक्त गाणाऱ्यालाच सांगतो.

गाणाऱ्या मुलांनो, तुम्हांलाही दोन गोष्टी सांगतो. तुमचे गायन तुमच्या संमतीवाचून मुद्रित करून त्याचा व्यापार करता येत नाही. कलावंताचा हा हक्क ५० वर्षांचा आहे. कोणी आपल्याच ऐकण्याकरिता मोबाइलवर घेतले तर कायदा त्याला अडवीत नाही, पण ते यूट्यूबवर चढवून कमाई करणे निराळे. दुसरे, कोणी करारावर सही मागितली तर त्यात कोणते गाणे, किती वर्षे, कोणत्या मुलखात आणि किती रॉयल्टी हे लिहिलेले आहे का ते पाहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘कायमचे व सर्व हक्क’ असे शब्द दिसले की सही न करता तो कागद घरी आणा. तो वाचण्याची मी फी घेत नाही.

कराराचा एक पानी नमुना मी मराठीत तयार करून आणला आहे. वीस प्रती तेथे दाराजवळ आहेत. ज्यांना समजणार नाही त्यांनी सभा संपल्यावर मला विचारावे; मी मागच्या भिंतीशी बसलेला असेन.

मी आरंभी सांगितलेली ती चौघे आज येथे आली आहेत. पार्टीचे नाव त्यांनी ठेवले आहे, ते तेच सांगतील. मुलीची उद्या परीक्षा आहे आणि तिला शेवटच्या गाडीने परत जावयाचे आहे, म्हणून पहिले गाणे तिचे. त्या दिवशी जे कडवे अर्धे राहिले, तेथपासून नव्हे, पहिल्यापासून म्हण, बाई.