विहाराची जागा कोणाच्या नावावर आहे?



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय ऐकण्यास रुक्ष आहे. इतिहासावर किंवा राजकारणावर बोललो असतो तर आपणांस अधिक स्फूर्ती मिळाली असती, हे मी जाणतो. परंतु आपणांपैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे. दीक्षेनंतर जुने देव, जुनी जत्रा आणि जुन्या पंचांचा शब्द मागे राहतो, व त्यांच्या जागी नवे काही उभारावे लागते. वस्तीस विहार हवा, मुलांस अभ्यासिका हवी, स्त्रियांस त्यांचे मंडळ हवे. या कार्याकरिता वर्गणी निघते. ती देणारा मनुष्य बहुधा रोजंदारीवर काम करणारा असतो. एका दिवसाची मजुरी तो विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेवतो. त्या मजुरीचे रक्षण कसे करावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कोणी म्हणतील, आपण गरीब माणसे; आपणांस नियमावली, ठराव आणि हिशेबाच्या वह्या कशाला हव्यात? आपसांत प्रेम असले म्हणजे झाले. या समजुतीस पूज्य बाबासाहेबांच्या कार्यातच उत्तर आहे. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि त्याच वर्षी २० जुलै रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदविलेली संस्था होती. सर चिमणलाल सेटलवाड हे तिचे अध्यक्ष आणि बाबासाहेब कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी सोलापुरास तिचे वसतिगृह सुरू झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय उभे राहिले. बाबासाहेब १९५६ साली गेले. ही महाविद्यालये राहिली. संस्थापकांच्या मागे संस्था टिकते ती अशा बांधणीमुळे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, बैठकीची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांचे नियम भिक्षुसंघास ठाऊक होते. तेव्हा सभेची शिस्त ही साहेबांच्या कचेरीतून आलेली परकी वस्तू आहे, असे आपणांस म्हणता येणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट नोंदणीची. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविण्यास किमान सात व्यक्ती लागतात. संस्थेचे नाव, तिचे उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते व व्यवसाय लिहून त्यावर या व्यक्तींनी सह्या करावयाच्या आणि सोबत नियमावली जोडावयाची. उद्देश लिहिताना घाई करू नका. केवळ ‘विहार बांधणे’ एवढेच लिहिले आणि पुढे अभ्यासिका काढावयाची झाली, तर उद्देश बदलण्याकरिता विशेष सभा बोलवावी लागते, तीन पंचमांश मते लागतात आणि एक महिन्यानंतरच्या दुसऱ्या सभेत तो ठराव पुन्हा कायम करावा लागतो. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूच्या अशा संस्थेस १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही लागू होतो. न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत विश्वस्तांनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणीचा अर्ज करावयाचा असतो. अन्य राज्यांतील बांधवांनी आपापल्या राज्याचा कायदा पाहावा, कारण तपशील निराळे आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. आणि आमच्या व्यवसायात सर्वांत दुःखद प्रकरणे हीच असतात. प्रकार बहुधा एकच असतो. संस्था नोंदलेली नसते. जागा तर हातची जाता कामा नये. मग वस्तीतील एका सज्जन गृहस्थाच्या नावे खरेदीखत होते. पैसा सर्वांचा, नाव एकाचे. तो गृहस्थ प्रामाणिक असतो. परंतु तो वारला म्हणजे सातबारावर त्याच्या वारसांची नावे लागतात, आणि वारसांपैकी एखाद्यास पैशाची निकड असली की विहाराच्या भिंतीवर नोटीस चिकटते. वर्गणी देणाऱ्यांपाशी पावती नसते, ठराव नसतो. असते ती केवळ आठवण. न्यायालयात आठवणीला किती बळ असते, हे मी आपणांस निराळे सांगावयास नको.

म्हणून प्रथम संस्था नोंदवावी, नंतर जागा घ्यावी. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जागेची विक्री नोंदणीकृत दस्तावाचून होत नाही. कोणी जागा दान देत असेल तर भरसभेत दिलेला शब्द कायद्यास पुरेसा नाही; दानपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी दुय्यम निबंधकाकडे नोंदविले पाहिजे. त्यानंतर सातबारावर, शहरात असाल तर मालमत्ता पत्रकावर, आणि न्यासाच्या नोंदवहीत संस्थेचे नाव लागले की नाही, हे डोळ्यांनी पाहा. एकदा जागा न्यासाची झाली म्हणजे विश्वस्तांनाही ती मनास येईल तशी विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्था विसर्जित झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. हे बंधन जाच नव्हे. रोजंदारीवाल्याच्या वर्गणीभोवती कायद्याने घातलेले ते कुंपण आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. पावतीपुस्तकास छापील अनुक्रमांक असावेत. दहा रुपये आले तरी पावती फाडावी. दानपेटी दोघांनी मिळून उघडावी व मोजणीच्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. बँकेतील खाते संस्थेच्या नावे असावे आणि तीन पदाधिकाऱ्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे निघावेत. हाती रोख किती ठेवावयाची, ते ठरावाने बांधून द्यावे. रोजची किर्द त्याच दिवशी लिहावी. दरवर्षी ३१ मार्च रोजी हिशेब बंद करून त्यांची तपासणी करून घ्यावी. आणि ज्या कारणाकरिता पैसा आला त्याच कारणाकरिता तो खर्चावा. पुस्तकांसाठी आलेली देणगी जयंतीच्या मंडपास लागली, तर हेतू कितीही चांगला असो, दात्याशी केलेला करार मोडला, असेच म्हणावे लागेल.

चौथी गोष्ट योजनेची. आपल्या संस्था उत्साहाने सुरू होतात आणि सहा महिन्यांनी विजेचे बिल थकते. याचे कारण असे की, उभारणीचा खर्च आपण मोजतो, पण चालविण्याचा मोजीत नाही. एक उदाहरण घ्या. साठ कुटुंबे दरमहा शंभर रुपये देण्याचे कबूल करतात असे धरा. वर्षाचे ७२,००० रुपये होतात. परंतु आजारपण, बेकारी, लग्नकार्य यांमुळे सर्वांकडून सर्व महिने येत नाहीत. तीन चतुर्थांशच येतील असे धरावे, म्हणजे ५४,०००. आता अभ्यासिकेचे भाडे २,५००, वीज ८००, वर्तमानपत्रे ४०० आणि झाडलोटीचे वेतन १,५०० असे दरमहा ५,२०० रुपये लागत असतील, तर वर्षाचा खर्च ६२,४०० रुपये होतो. तूट ८,४०० रुपयांची. ही तूट मार्चमध्ये कागदावर दिसली, तर स्वस्त जागा शोधता येते, दोन दात्यांना भेटता येते किंवा काम थोडे लहान करता येते. तीच डिसेंबरात दिसली तर कुलूप लागते आणि परीक्षेच्या तोंडावर मुले बाहेर उभी राहतात. शिवाय तीन महिन्यांचा खर्च, येथे १५,६०० रुपये, हळूहळू शिल्लक टाकावा व त्यास ठरावावाचून हात लावू नये.

पाचवी गोष्ट सभेची. सूचना लेखी द्या, विषयपत्रिका आधी कळवा, गणपूर्ती झाल्यावाचून निर्णय करू नका. ठरावात काम कोणते, ते कोणी करावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, या तिन्ही गोष्टी असाव्यात. ‘प्रयत्न करण्याचे ठरले’ हा ठराव नव्हे. मंडळात भगिनींना केवळ नावापुरते घेऊ नका. सहीचा अधिकार द्या. घरातील तुटपुंज्या पैशाचा हिशेब ज्या आयुष्यभर ठेवतात, त्यांना संस्थेचा हिशेब जड नाही. विश्वस्त बदलले, वारले किंवा त्यांनी राजीनामा दिला, तर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा. हा एक अर्ज राहून गेल्याने नोंदवहीत जुनीच नावे राहतात. मग दोन गट आपणच खरे विश्वस्त असल्याचे सांगत वर्षानुवर्षे तारखा घेत बसतात, आणि तिकडे विहाराचे छप्पर गळत असते.

आपली कित्येक मुले-मुली आज परदेशी नोकरीस आहेत, म्हणून एक इशारा देतो. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या बांधवाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी विदेशी ठरत नाही. परंतु त्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल तर ती विदेशी देणगी होते. २०१० च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती स्वीकारता येत नाही. आणि ती नवी दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील विहित खात्यातच घ्यावी लागते. तेव्हा रक्कम येण्यापूर्वी विचारा, आल्यानंतर नव्हे.

शेवटी, जे पदाधिकारी नाहीत, केवळ वर्गणीदार आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. आपण प्रश्न विचारला की कोणी म्हणेल, आमच्यावर अविश्वास दाखविता काय? त्यास शांतपणे सांगा की, हिशेब विचारणे हा अपमान नव्हे. पूर्वी गावच्या पंचांना हिशेब विचारण्याची आपल्या वाडवडिलांस सोय नव्हती. आज ती आपणांस आहे, आणि न वापरलेला हक्क हळूहळू जातो. प्रामाणिक पदाधिकाऱ्यास तर अशा प्रश्नांनी संरक्षणच मिळते. कारण उद्या कोणी त्याच्यावर आळ घेतला, तर वही त्याच्या बाजूने बोलते.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. पुढील सभेस जाल तेव्हा चार गोष्टी पाहावयास मागा: नोंदणीचे प्रमाणपत्र, जागेचा उतारा, मागील वर्षाचे तपासलेले हिशेब आणि येत्या वर्षाचे अंदाजपत्रक. चारही मिळाल्या तर पदाधिकाऱ्यांचे अभिनंदन करा. एखादी नसेल तर भांडू नका. ती कोणी व कोणत्या तारखेपर्यंत तयार करावयाची, याचा ठराव त्याच सभेत मांडा, आणि त्या कामास स्वतः एक संध्याकाळ द्या.

जय भीम.