जसे फूल तसा पाहुणा



पावसाळ्यात माळावर किती तरी फुले येतात. आपण त्यांना रानटी म्हणतो आणि पुढे जातो. आज त्या फुलांपाशी थोडे थांबू या.

साताऱ्याच्या पश्चिमेला कासचे पठार आहे. २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले. श्रावण-भाद्रपदात तिथे सारा माळ फुलतो. तिथली काही फुले आम्ही तुम्हांला सांगतो.

फुलात पिवळी धूळ असते. तिला पराग म्हणतात. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लागला, म्हणजे बी धरते. फुलाला पाय नाहीत. म्हणून हे काम किडे करतात. पण प्रत्येक फुलाचा पाहुणा वेगळा.

सोनकीचे फूल उघडे, पसरट. तिथे माशी येते, मधमाशी येते, फुलपाखरूही येते.

तेरड्याचे तसे नाही. त्याच्या फुलामागे बारीक शेपटी असते. मध त्या शेपटीत. तिथे लांब सोंडच पोचते. फुलपाखराला ते जमते.

कवल्याचे फूल मिटलेले. मधमाशी बसली, की तिच्या भाराने पाकळी दबते. पराग तिच्या पोटाला लागतो. हलक्या चिलटाला ते दार उघडत नाही.

चिलटांसाठी खर्पुडी आहे. तिचे फूल कंदिलासारखे. चिलट आत शिरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे त्याला बाहेर येता येत नाही. पुढे केस सुकतात. चिलट सुटते, ते पराग घेऊनच.

तुम्ही म्हणाल, याचा आम्हांला काय उपयोग?

आपल्या शेतातही असेच आहे. वांग्याच्या फुलात पराग नळीत कोंडलेला असतो. भुंगा फूल धरून गुणगुणतो. फूल थरथरते आणि पराग सांडतो. मधमाशीला हे साधत नाही. भोपळ्याचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. माशी आलीच नाही, तर इवले फळ पिवळे पडून गळते.

वांगी, भोपळा काही बारा महिने फुलत नाहीत. मधल्या दिवसांत हे किडे रानफुलांवर जगतात. आपण सगळा बांध खरवडला, जाळला, तर ते उपाशी मरतात. मग वेल फुलतो, पण फळ धरत नाही.

म्हणून बांधाची एक कड फुलांना सोडा. वठलेले लाकूड सगळेच जाळू नका. भुंगा त्यात घर कोरतो. पीक फुलोऱ्यात असताना औषध फवारू नका. फवारावेच लागले, तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवारा.

बांधावर पाहुण्याला जेवण मिळाले, तर तो आपल्या वेलावरही येईल.