सुंभाचा पीळ



आयोजकांनी बजावलंय, पाच मिनिटं बोल, पण नोकरीबद्दल नको. म्हणून धाग्याबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडात एका दुकानात शालीवरून हात फिरवला. बाई म्हणाल्या, ही कंडालीची. कंडाली म्हणजे अंगाला लागली की आग आग करणारं झाड. नेपाळात त्याच कुळातल्या झाडाला अल्लो म्हणतात. साल सोलायची, राखेच्या पाण्यात उकळायची, कुटून धुवायची, की धागा मोकळा होतो.

मला आपली खाडी आठवली. तिथे जे काम राख करते, ते इथे खारं पाणी करतं. नारळाची सोडणं सहा ते दहा महिने खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची. जिवाणू तंतूंमधला चिकट भाग खातात, मग दांडक्याने झोडलं की काथ्या सुटतो. तो वास आठवतो ना? नाक दाबून पळायचो आपण.

तेव्हा मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. माझी आई तिथेच सोडणं झोडायची, रात्री सुंभ वळायची. माझी फी त्या सुंभाची. हातांना वास येतो म्हणून मी तिला पालकांच्या सभेला येऊ नको म्हटलं होतं. ती काही बोलली नाही. एकदा मीच वळायला बसलो, तेव्हा एवढंच म्हणाली, "घाई केलस तर पीळ सुटतलो."

आपल्या रापणीच्या होड्यांच्या फळ्या अशाच सुंभाने शिवलेल्या असत. खिळा गंजतो, सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो. 2025 मध्ये नौदलात आलेली 'कौंडिण्य' ही गोव्यात बांधलेली नौकासुद्धा काथ्याच्या दोरीने शिवलेली आहे. हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

वेंगुर्ल्याच्या बायकांनी सहकारातून काथ्याचं काम उभं केलं. आपल्याकडे मात्र सोडणं चुलीत जातात. माझी एक विनंती आहे. पुढच्या मेळाव्याला हारतुऱ्यांचा खर्च वाचवू आणि शाळेतल्या मुलांना एक दिवस सुंभ वळायला शिकवू. ज्यांच्या घरी वळणारी माणसं अजून आहेत, त्यांनी त्यांना मानाने घेऊन यावं, पहिल्या रांगेत बसवावं.

मला आता आईला आणता येणार नाही. तिने वळलेला सुंभ तेवढा आणेन.