हाड मोडले तर आधी कुठे जाल?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. तरीही आज हाडांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. दर वर्षी एखादे तरी मूल गळ्यात हात अडकवून वर्गात येते, आणि दर वेळी घरच्यांपुढे एकच प्रश्न पडलेला असतो : दवाखान्यात न्यायचे की हाडवैद्याकडे?

हाडवैद्याकडे जाणारे पालक अडाणी असतात, असे मी म्हणणार नाही. तो जवळ असतो, ओळखीचा असतो, पैसे कमी घेतो आणि त्याच्या हातून बरे झालेले दहाजण गावात दाखविता येतात. ते दहाजण खोटे नसतात. पण त्यामागचे कारण समजून घ्या. हाड जोडण्याचे काम निसर्गच करतो. मोडलेल्या जागी रक्त साकळते, तेथे नवे कोवळे हाड तयार होते आणि काही आठवड्यांत ते टणक बनते. माणसाने करायचे ते इतकेच, की तुकडे जागेवर आणायचे आणि हलू द्यायचे नाहीत. जागा न सोडलेले हाड कुणीही नीट बांधले तरी बहुधा जुळते आणि श्रेय बांधणाऱ्याला मिळते. खरी अडचण असते सरकलेल्या हाडाची आणि सांध्याजवळच्या मोडीची. तेथे नुसते चाचपून भागत नाही. राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. तेव्हापासून हाड आत कसे मोडले आहे, हे डोळ्यांनी पाहता येते. मग अंदाजावर लेकराचा हात का सोपवावा?

आमच्या तालुक्यातला एक आठ वर्षांचा मुलगा जांभळाच्या झाडावरून पडला. उजव्या कोपराच्या जरा वर हाड मोडले. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून आवळली. मूल रात्रभर रडले. घरचे म्हणाले, हाड मोडले आहे, दुखणारच. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तेव्हा बोटे थंड आणि निळसर पडली होती. हात वाचला, पण बोटे आत वळली ती वळलीच. आज तो मुलगा डाव्या हाताने लिहितो.

हे कशामुळे होते? मोडलेला भाग आतून सुजतो, वरची पट्टी मात्र सैल होत नाही. मधल्या मध्ये रक्तप्रवाह दबतो. सुमारे सहा तास रक्त मिळाले नाही, तर स्नायू मरू लागतात आणि पुढे आखडून बोटांना आत ओढतात. फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली या विकाराचे वर्णन केले. पट्टी फार सैल नको आणि फार घट्टही नको, असे आपल्याकडे सुश्रुताने तर कितीतरी शतके आधी बजावले आहे. दवाखान्यातल्या प्लास्टरखालीही असे होऊ शकते. म्हणून पट्टी कुणीही बांधलेली असो, या खुणा लक्षात ठेवा : वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे, बोटे फिकी किंवा निळी पडणे, मुंग्या येणे, आणि बोट हळूच सरळ केले तरी मूल कळवळणे. यांतले काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टर गाठा.

अपघाताच्या जागी काय करावे? हात किंवा पाय आहे त्या स्थितीत पट्टी, पुठ्ठा किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन सैलसर बांधा. ओढू नका, चोळू नका. जखमेतून हाड दिसत असेल, तर स्वच्छ कापडाने झाका आणि आत ढकलू नका. आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

खेळाडू मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये गुडघा पिरगळला आणि तासा-दोन तासांत टम्म सुजला, तर आत रक्त साचल्याची व सांध्याचा बंध तुटल्याची शक्यता असते. त्यावर तेल चोळून दुसऱ्या दिवशी मैदानात उतरणे ही मर्दुमकी नव्हे. विश्रांती घ्या, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, पाय उंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा थर असतो. त्याला इजा झाली, तर हाड वाकडे किंवा आखूड वाढू शकते.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी. दादी न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते, आणि घरात बोलणे होते, "आता या वयात कशाला ऑपरेशन?" वस्तुस्थिती उलट आहे. म्हातारे माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळले, की पाठीला जखमा होतात, फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. जीव जातो तो बहुधा यांनी. म्हणूनच प्रकृती झेपत असेल, तर डॉक्टर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून रुग्णाला लवकर उभे करू पाहतात. गरज पडल्यास कृत्रिम सांधाही बसवतात. इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती झिजली. त्यांनी हार न मानता दुसरे प्लास्टिक शोधले आणि १९६२ पासून धातूचा गोळा व पॉलिथिलीनची वाटी असलेला त्यांचा सांधा यशस्वी झाला.

शेवटी एका हाडवैद्याच्या घराण्याची हकीकत सांगतो. वेल्समधील इव्हान थॉमस हे पिढीजात हाडवैद्य. हातात कसब होते, पण त्यांनी आपल्या मुलांना वैद्यकाचे रीतसर शिक्षण दिले. त्यांच्यापैकी ह्यू ओवेन थॉमस यांनी मोडलेल्या पायाला आधार देणारी 'थॉमस स्प्लिंट' तयार केली. पुढे पहिल्या महायुद्धात तिने असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. वडिलांचे कसब वाया गेले नाही, शिक्षणाने ते जगाच्या उपयोगी पडले.

पालकहो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर जिथे आहेत, त्या जवळच्या रुग्णालयाचा पत्ता व फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी आरोग्य योजनेत आपले कुटुंब बसते का, याचीही आधीच चौकशी करा. हाड मोडल्यावर विचार करायला वेळ नसतो. तो आज आहे.