गृहकर्जाआधी सिबिल तपासा

फ्लॅट पसंत पडला की टोकन द्यायची घाई होते. बँक मात्र आधी सिबिल स्कोअर पाहते. हा आकडा 300 ते 900 च्या दरम्यान असतो. 750 च्या पुढे असला, तर कर्ज मिळणं सोपं जातं आणि अनेक बँकांत व्याजही कमी लागतं.

म्हणूनच अर्जाच्या सहा महिने आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे हा स्कोअर ज्यावरून ठरतो ती कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढावा. तो देणाऱ्या चार परवानाधारक कंपन्या देशात आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर घटत नाही.

रिपोर्ट ओळ न् ओळ वाचावा. फेडलेलं दुचाकीचं कर्ज अजून चालू दिसत असेल, तर बँकेची एनओसी जोडून तक्रार नोंदवावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई मिळते.

क्रेडिट कार्डाची मर्यादा एक लाख असताना दरमहा 80 हजार वापरले, तर बिल वेळेवर भरूनही स्कोअर खाली येऊ शकतो. वापर 30 हजारांच्या आत ठेवावा.

थकलेलं कर्ज तडजोडीनं मिटवलं, तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ अशी नोंद करून घ्यावी. अर्जाआधीच्या या सहा महिन्यांत ईएमआयवर नवा फोनही घेऊ नये.