कॅमेऱ्याचा कॉमन वेगळा ठेवा

तळोजा, पाताळगंगा, रसायनी इथं पॅनेलचं वायरिंग करणारी, मेंटेनन्स सांभाळणारी पनवेलची पोरं आज मला समोर हवी आहेत. आयटीआयची मुलंसुद्धा. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही. औषधाचं खोकं सगळ्यांच्याच घरी येतं.

१ ऑगस्ट २०२३ पासून सरकारच्या यादीतल्या ३०० औषधी ब्रँडच्या वेष्टणावर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला. छापलेला कोड वाचता येतो का, हे बघायला कन्व्हेयरवर कॅमेरा आला. खोकं आलं की सेन्सर त्याला खबर देतो, तो फोटो काढतो, कोड बिघडलेला असेल तर सिग्नल सोडतो आणि हवेचा झोत खोकं बाजूला उडवतो. लेन्स, लाइट, सॉफ्टवेअर यांवर साहेब मंडळी तासन् तास बोलतील. मी बोलणार एका तारेवर. कॉमनच्या तारेवर.

कॅमेऱ्याच्या इनपुटला ऑप्टोकपलर म्हणजे ऑप्टो असतो, हे तुम्ही जाणताच. तो कशासाठी दिला आहे, एवढं मात्र लक्षात घ्या. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं आहेत, मधल्या भिंतीत काच लावलेला झरोका आहे. शेजाऱ्यानं दिवा लावला की आपल्याला कळतं, पण त्याच्याकडचं पाणी आपल्याकडे येत नाही. सेन्सरचं बिऱ्हाड पलीकडे, कॅमेऱ्याचं अलीकडे. मधून जातो तो फक्त उजेड, करंट नाही. आणि आपण काय करतो? कंपनीनं पैसे खर्चून हा झरोका दिला, तर आपण खालून दोन्ही घरांच्या मोऱ्या एका पाइपला जोडून देतो! मग शेजाऱ्यानं हंडा उपडा केला की आपल्या मोरीतून पाणी वर. पनवेलकरांना हे पावसाळ्यात वेगळं सांगायला नको.

तळोज्याच्या एका कारखान्यात असंच झालं. कन्व्हेयरची मोटर थांबली की कॅमेरा रिकाम्या पट्ट्याचा फोटो काढायचा. रिकाम्या पट्ट्यावर कोड कुठला? म्हणजे रिजेक्ट. मग पट्टा सुरू झाल्यावर येणारं पहिलं चांगलं खोकं उडायचं. सेन्सर बदलून झाले, कॅमेऱ्याला शिव्या देऊन झाल्या. पॅनेल उघडलं तर टर्मिनलवर चार बोटांची काळी तार. कॅमेऱ्याच्या सप्लायचा मायनस आणि ऑप्टोचा कॉमन यांना लूप मारलेला. फेरुल लावून, नंबर घालून, अगदी देखणं काम! मोटरच्या ब्रेकची कॉइलही त्याच मायनसवर. कॉइलचा करंट तुटताना जो झटका बसे, तो कॅमेऱ्याला खोकं आल्यासारखा वाटे. लूप काढला, ऑप्टोचा कॉमन सरळ सेन्सरच्या सप्लायवर नेला, काम झालं.

पुन्हा सांगतो, कारण हे ऐकतानाच निसटतं. ऑप्टोचा कॉमन सेन्सरच्या सप्लायच्या शून्यावर जातो, कॅमेऱ्याच्या नव्हे. जमलं तर कॅमेऱ्याला वेगळा एसएमपीएस द्या. मालक म्हणेल, खर्च कशाला. त्याला उडालेल्या चांगल्या खोक्यांचा हिशेब दाखवा.

आता रंग. घरच्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल, म्हणून काळी दिसली की आपला हात आपोआप कॉमनकडे जातो. सेन्सरची काळी म्हणजे सिग्नल! तपकिरी प्लस, निळी शून्य, काळी सिग्नल. आणि कॅमेऱ्याच्या केबलला तर हा नियमही लागू नाही, प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. तिथं रंग बघायचाच नाही, पिन नंबर बघायचा आणि त्याच मॉडेलचा कागद समोर ठेवायचा. ‘मागच्या वेळी असंच जोडलं होतं’ हे मला कुणी सांगू नये. कॅमेऱ्याच्या त्याच कनेक्टरवर बऱ्याचदा ऑप्टो नसलेली एखादी लाइनही असते. तिथं झरोका नाही, सताड उघडं दार आहे. त्या लाइनला किती व्होल्ट चालतात हे कागदावर पाहिल्याशिवाय २४ व्होल्ट लावायचे नाहीत.

आउटपुटचं थोडक्यात. कॅमेऱ्याचं आउटपुट बहुधा काही दहा मिलिअँपिअरचं. ५ वॅटचा, २४ व्होल्टचा सोलेनॉइड ओढतो २०० मिलिअँपिअरच्या वर. सरळ जोडलात तर आउटपुट गेलंच म्हणून समजा. मध्ये रिले घाला, आणि प्रत्येक डीसी कॉइलवर उलटा डायोड. त्या ब्रेकच्या कॉइलवर तो असता तर... असो, घड्याळ पुढे चाललंय. कॉमन शून्यावर असताना एनपीएन सेन्सरला पुल-अप रेझिस्टर लागतो, तो का आणि किती ओहमचा, हे राहिलंच. शिल्ड एका टोकाला अर्थ करायची की दोन्ही, यावर तर दोन वायरमन एकत्र बसले तर जेवण थंड होईल.

उद्या ड्यूटीवर गेलात की एवढं करा. लाइन बंद असताना सप्लाय तोडा, कॅमेऱ्याचं कनेक्टर काढा. मीटर बझरवर ठेवून केबलच्या बाजूनं एक टोक कॅमेऱ्याच्या सप्लायच्या मायनसला लावा, दुसरं ऑप्टोच्या कॉमनला. दोघांचे सप्लाय वेगळे असूनही बझर वाजला तर दोन्ही कुठंतरी जोडलेले आहेत. ती जागा शोधा आणि दोघांना वेगळं करा.